धुवायचा राहिलेला स्वेटर

माझी लाँड्री आहे. लोकांच्या कपड्यांना लागलेलं सगळं काढून टाकायचं आणि घडी घालून परत द्यायचं, यात माझी हयात गेली. धाकटीच्या शेळीफार्मवर मी दर रविवारी फुकट राबायला जायचे, तेव्हा ती फाटकातूनच ओरडायची, "आली बघा! आता संध्याकाळपर्यंत शेळ्यांना इस्त्री करून ठेवेल." माझ्यासारखी आणखी दोन-चार रविवारची मंडळी यायची. कुणी लेंड्या झाडायचं, कुणी करडांना बाटलीनं दूध पाजायचं, आणि अंगाला तो वास घेऊन सगळे खुशीत घरी जायचे. मला त्या वासाचा मनस्वी वैताग. घरी पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता मी आधी कपडे भिजत टाकायचे.

धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. थंडी सरता सरता ती गेली. सकाळी धार काढून उठली, बादली कट्ट्यावर ठेवली, जरा बसते म्हणाली आणि बसल्या जागीच संपली.

मी लाँड्रीची किल्ली लेकीच्या हातात दिली आणि भावोजींकडे राहायला आले. भावोजींना चारा, कुंपण, औषधं, शेळ्यांचं बाळंतपण सगळं यायचं, पण धार त्यांनी कधी काढली नव्हती. ते धाकटीचं राज्य. ती गेल्यावर त्यांनी बोलणं जवळजवळ टाकलंच. "ताई, तिचं कपाट तुम्हीच बघा," एवढं म्हणाले. मग मला जे येतं तेच मी केलं. सगळं धुतलं, घड्या घातल्या आणि गरजूंना देऊन टाकलं.

बाकीच्या शेळ्यांनी मला चालवून घेतलं. अडून बसली ती एकटी सासूबाई. हे नाव धाकटीनंच ठेवलेलं, कारण ती प्रत्येकाच्या कामात नाक खुपसायची आणि कुणाचंच काम तिला पसंत पडायचं नाही. जन्मली तेव्हाच तिची आई मेली होती, म्हणून धाकटीनं तिला स्वयंपाकघरात बाटलीवर वाढवलेली. माझा हात सडाला लागला की ती अंग चोरून घ्यायची. लाथ नाही, ओरडणं नाही. मान वळवून नुसती दाराकडे बघत राहायची. चार थेंब सोडायची आणि बाकीचा पान्हा वर धरून ठेवायची. तिची करडं मोठी होऊन दूध सोडून बसलेली, त्यामुळे त्यांनाही लावता येईना.

"अगं बये," मी एकदा वैतागून तिला म्हटलं, "मलाही तीच हवी आहे. पण म्हणून मी जेवायची थांबले का?"

हे बोलले आणि तिथेच, स्टुलावर बसून, हमसून हमसून रडले. सासूबाई दाराकडेच बघत होती.

कास तापली. मग एका बाजूनं टणक झाली. जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं इंजेक्शन देऊन थोडं दूध काढलं, हात पुसले आणि म्हणाला, "यानं आजची वेळ निभावेल. पण रोज टोचून किती दिवस काढणार? कास मोकळी झाली नाही तर ही बाजू कामातून जाईल. ताप अंगात भिनला तर शेळीच जाईल." मग म्हणाला, "ही वासानं ओळखते. बाईंचा गोठ्यातला एखादा कपडा अंगात घालून बसा ना. फक्त धुतलेला नको."

धुतलेला नको! हे तो कुणाला सांगत होता? माझे कान तापले. भावोजी दावं हातात घेऊन शेजारी उभे होते. त्यांनी ते खुंटीला अडकवलं आणि बाहेर निघून गेले.

मी घर पालथं घातलं. एक रुमाल मिळेल, एक मोजा मिळेल. शेवटी भावोजींच्या खोलीत, उशीमागे एक प्लास्टिकची पिशवी सापडली, तोंड रबरानं घट्ट बांधलेलं. आत राखाडी स्वेटर, कोपरावर उसवलेला, बाहीवर दूध वाळलेलं. धाकटी रोज पहाटे हाच घालून गोठ्यात जायची. कपाट आवरताना तो सापडला नव्हता, तेव्हा कुठेतरी गहाळ झाला असेल असं मी धरून चालले होते. मी रबर काढणार, तोच दारातून आवाज आला.

"ताई, पिशवी उघडू नका."

"अहो, हाच तर हवाय! डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"मग?"

"उघडली की थोडा वास जातो," भावोजी म्हणाले. "मीसुद्धा रोज उघडत नाही. अगदीच राहवलं नाही तरच."

माझा चढलेला राग होता तिथेच विरला.

"गोठ्यात घातलात की दोन दिवसांत शेळ्यांचा वास लागेल त्याला. तुमचा लागेल. मग मला काय उरलं? बाकी सगळं तर धुऊन झालं."

ते माझ्यावर डाफरले असते तर बरं वाटलं असतं. पण ते साधं बोलले, हवापाण्याचं बोलावं तसं. मी पिशवी उशीमागे जशीच्या तशी ठेवली आणि कोमट पाण्याचं फडकं घेऊन गोठ्यात गेले. काही झालं तरी ती मागायला परत जायचं नाही, असं मी ठरवलं. शेक देऊन काही होणार नाही हे दिसत होतं.

संध्याकाळी सासूबाईनं चाऱ्याला तोंड लावलं नाही. पाय मुडपून कोपऱ्यात बसली. भावोजी आत आले, तिच्यापाशी गुडघे टेकून त्यांनी तिचे कान चाचपले. कान चटका बसावा इतके गरम होते. ते उठून घरात गेले आणि पिशवी घेऊन आले. रबर त्यांनीच काढलं. स्वेटरात तोंड खुपसून ते भिंतीला पाठ टेकून उभे राहिले. मी मुद्दाम बादली विसळत बसले, किती वेळ ते मला माहीत नाही.

"घ्या," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

मी स्वेटर डोक्यातून घातला आणि धाकटी माझ्या गळ्याशी आली. घाम, पेंड, दूध, तिचं खोबरेल तेल. सासूबाई धडपडत उठली. तिनं माझ्या काखेत नाक घातलं, जोरानं हुंगलं आणि तिच्या अंगातला ताठरपणा माझ्या हाताखाली सुटत गेला. आधी गाठी पडल्या, मग पिवळट पाणी, मग दूध. बादलीत धार वाजू लागली तसे भावोजी दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर मी खुंटीला अडकवलेला स्वेटर जागेवर नव्हता. मला वाटलं, परत पिशवीत गेला असणार. त्यांना दोष देण्याची माझी हिंमत नव्हती. तशीच गोठ्यात गेले.

भावोजी स्टुलावर बसले होते. अंगात तो स्वेटर, छातीवर ताणलेला, बाह्या कोपरापाशी अडकलेल्या. सासूबाई शांतपणे रवंथ करत उभी होती आणि ते तिचा सड घंटेची दोरी ओढावी तसा ओढत होते. बादली कोरडी.

"अहो, मी काढते ना," मी म्हटलं. "तुम्ही कशाला?"

"शिकवा मला," ते म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "वास जायचाच आहे, ताई. तर माझ्या अंगावर जाऊ दे."

मी खाली लेंड्यांतच बसले आणि त्यांचा अंगठा सडावर नीट धरून दाखवला.