सर्वांत जाड तार

दुपारी चार वाजता, सभागृहामागच्या खोलीत, त्याने आपल्या पाच तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार पकडीने मधोमध तोडली. सैल करून काढता आली असती. पण परत लावायचीच नाही, तर तिचे लाड कशाला?

उरलेल्या चार तारा त्याने एकेक खाच जाड बाजूला सरकवल्या आणि शेवटच्या रिकाम्या खाचेत नवी, बारीक तार चढवली. जाड तारेची खाच दुसरीला रुंद पडून ती खडखडू लागली, तेव्हा खाली कागदाची घडी सारली. नवी तार मात्र नव्या नवरीसारखी रुसत होती. खुंटी पिळून सुरात आणावी, की घटकाभरात पुन्हा खाली.

हा सगळा खटाटोप उंच स्वरांसाठी होता. आज त्याला पहिल्यांदाच एकट्याने वाजवायला मिळणार होतं आणि पहिल्या रांगेत सासूबाई बसणार होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी प्रत्येक कार्यक्रमानंतर त्या लेकीला विचारत, "सगळं छान झालं गं, पण जावई नेमकं काय वाजवत होते?"

तालमीत त्याचा तुकडा झकास झाला. वाद्यवृंदाचा म्होरक्या म्हणजे त्याचा धाकटा मेहुणा. स्वतः गिटार वाजवणारा. तो ओरडला, "वा दाजी! आज चक्क ऐकू आलात!"

मग नेहमीचं गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला गायिका थांबली.

"माझा सूर का पळतोय?"

"पळेल नाही तर काय," ड्रमवाला म्हणाला. "खालच्या स्वरांत कुणी नाहीच. पाय टाकावा, तर पायरी गायब."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहायचं सुचायला थोडा वेळ लागला.

"दाजी, ती जाडी परत लावा बरं."

"तोडली."

"तोडली?"

"मधोमध."

"मग दुसरी काढा."

"ती वर्षानुवर्षं तुटत नाही. दुसरी कोण बाळगतं?"

"तुटत नाही म्हणून तोडली होय!" ड्रमवाला हसला. मेहुणा हसला नाही.

तेव्हा कीबोर्डवाल्याने हात वर केला. "खालचे स्वर मी धरू का? माझा डावा हात तसा मोकळाच असतो."

त्याने धरले. गायिकेचा सूर जागेवर आला. आपलं इतक्या वर्षांचं काम दुसऱ्याच्या मोकळ्या हातात कसं छान मावतं, हे त्याने उभ्या उभ्या ऐकलं.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. त्याच्या तुकड्याला टाळ्या पडल्या; नव्या तारेनेही तेवढ्यापुरती अब्रू राखली. मध्यंतरात बायको आत आली.

"आईला फार आवडलं."

"खरंच?"

"हो. पण डोळे मिटून ऐकत होती ना, तिला वाटलं, ती गिटार आहे. धाकटाच वाजवतोय, असं म्हणाली."

"तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं रे. ती म्हणाली, मग बाकीच्या गाण्यांत जावई कुठे होते?"

त्याच वेळी दाराशी मेहुणा कीबोर्डवाल्याला सांगत होता, "उद्याच्या कार्यक्रमालाही खालचं तूच धर."

"आणि दाजी?"

"बघू."

दुसरी घंटा झाली. उद्या त्याने यायचं की नाही, हे तोवर त्याला कुणी सांगितलं नव्हतं.