ब्रीदरच्या नळीतली खुंटी

माझ्या भावाइतकं इंजिन अख्ख्या सातिवलीत कुणाला कळत नाही, हे मी आजही सांगेन. म्हणून तर जास्त संताप येतो.

२००३ साल. जूचंद्रला मी बायकांना गाडी शिकवायचा क्लास काढला होता. गाडी जुनीच, पण दोन्हीकडे ब्रेक बसवलेली. ती शोधून दिली संग्रामदादानं, ब्रेक बसवले त्यानंच, नि बॉनेट उघडून इंजिन शिकवलं तेही त्यानंच.

"हे बघ सुरुची, पिस्टनच्या रिंगा कितीही नव्या असू देत, थोडा जळका वायू फटीतून खाली इंजिनाच्या पोटात उतरतोच. तिथं ऑइल असतं. वायूला बाहेर पडायला ही नळी, ब्रीदर. इथून तो एअर फिल्टरकडे जातो, इंजिन त्याला परत ओढून घेतं नि जाळून टाकतं. ही नळी बंद झाली की पोटात दाब वाढणार, मग ऑइल वाट मिळेल तिथून बाहेर. तुझा ढेकर अडला की तू कशी किंचाळतेस, तसं."

मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला होता.

गणपती झाले आणि गाडी ऑइल गळायला लागली. जिथं उभी करावी तिथं काळं तळं. ऑइल बघायची पट्टी आपोआप वर उडून यायची. मी गाडी दादाच्या गॅरेजात न्यायची, तो म्हणायचा, "ऑइलचं सील बदललं, जा आता." चार दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. "ब्रीदर बघितलास का?" मी विचारलंही होतं. "सगळ्यात आधी तोच बघितला. इंजिनच म्हातारं झालंय गं. सोड हा नाद." बायका कुरकुरायला लागल्या, दोघीतिघी दुसऱ्या क्लासला गेल्या. मला वाटायचं, माझंच नशीब फुटकं.

खंडेनवमीला सकाळी लुसीची आरटीओची टेस्ट होती. लुसी नर्स, आधी दोनदा नापास झालेली. उरलेल्या बायका तिच्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. ती पास झाली तर क्लास चालणार, नाहीतर टाळं.

आदल्या दिवशी दुरुस्तीला टाकलेली गाडी आणायला गॅरेजात गेले, तर खाली परत ऑइल. दादानं पाने, पकडी, जॅक सगळं धुऊन पाटावर मांडलं होतं. आई हळदकुंकू वाहत होती.

"दादा, एकदा बघ ना रे."

"आज हत्यारांना हात लावायचा नसतो, माहीत नाही तुला? देईल ती टेस्ट पुढच्या महिन्यात."

खरंच होतं ते. आमच्याकडे त्या दिवशी कोयता-विळासुद्धा पूजेला असतो.

"हत्यारांना ना? मी नुसत्या हातानं बघते," म्हणत मी बॉनेट उघडलं.

"सुरुची, हात लावू नको!"

तो इतक्या जोरात ओरडला की आई दचकली. तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात पाल चुकचुकली. मी ब्रीदरच्या नळीचा चाप बोटांनी दाबला नि नळी ओढली. आत लाकडाची खुंटी होती. नीट तासून, गोल करून, खोल बसवलेली.

अगं बाई! मी ती उपसून त्याच्यासमोर धरली.

"पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून..." दादा पुटपुटला.

"कुणाला शेंड्या लावतोस? ही बंद केल्यावर काय होतं, ते तूच शिकवलंस ना मला!"

बोलली ती आई.

"त्याला नको बोलू. मीच सांगितलं त्याला. विरारचं चांगलं स्थळ आलं होतं, पोरगी रस्त्यावर गाडी शिकवते म्हनून परत गेलं. तुला सांगून तू ऐकनार थोडीच! गाडी आपनच बंद पडली असती, तर भांडन तरी झालं नसतं."

भांडण! अगं, भांडण परवडलं असतं गं आई. 'क्लास बंद कर' असं तो तोंडावर म्हणाला असता, तर मी दोन सुनावल्या असत्या, त्यानं चार, नि रात्री एका ताटात जेवलो असतो. इथं मी आपली 'दादा बिचारा माझ्यासाठी राबतो' म्हणून सगळीकडे त्याचे गोडवे गात होते. आणि हा खुंटी तासत बसला होता.

खुंटी फेकली, नळी लावली, ऑइल ओतलं.

"सील उद्या बदलून देतो," दादा म्हणाला.

"माझ्या गाडीजवळ फिरकलास तर याद राख."

आई गाडीला कुंकू लावायला पुढे आली. मी गाडी काढली.

लुसी पास झाली. भर रस्त्यात तिनं मला मिठी मारली. मला धड हसताही आलं नाही.

सील तर गेलंच होतं. दसरा झाल्यावर गाडी वसई फाट्याकडच्या एका गॅरेजात नेली. तिथला मेकॅनिक खाली वाकून बघता बघता म्हणाला, "संग्रामशेठची बहीण ना तुम्ही? भावाचं गॅरेज असताना इथं कशाला आलात?"

"मला भाऊ नाही," मी म्हटलं.

आणि त्या अनोळखी माणसासमोर, तिथंच टायरवर बसून, मी हमसून हमसून रडले.