पुसलेली पहिली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे, आणि मार खाण्यात माझा हात कुणी धरणार नाही. माझा जन्मच मुळी हातोड्याखाली झाला. सांगलीच्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून चौकोनी केलं, कडा दुमडल्या, काळा रंग फासला आणि वर पांढऱ्या अक्षरांत माझ्या मालकाचं नाव लिहिलं. हा मालक म्हणजे कुंडलचा जोतीराम, फौजेतला जवान.

त्याच्याबरोबर मी पुष्कळ हिंडले. गाडीतून मला फेकायचे, लाथेने सरकवायचे. एकदा डोंगरावरच्या चौकीत तोफगोळ्याचा तुकडा माझ्या कुशीत घुसला. माझ्यामागे बसलेला जोतीराम वाचला. त्या दिवशी अख्ख्या पलटणीने मला थोपटलं. असं कौतुक पुन्हा वाट्याला आलं नाही.

जोतीरामला एक सवय होती. सुट्टी मिळाली की तो माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने बेत लिहायचा. जत्रा, विहिरीची मोटर, भावकीतलं लग्न. दर वेळी सुट्टी संपायची, यादी काही संपायची नाही. त्याची मुलगी शिवांजली चौथीत आहे. ती दर सुट्टीला एकच मागायची, समुद्र बघायचा. मागच्या दिवाळीत त्याने तिच्यासमोर सगळ्यात वर लिहिलं, 'समुद्र'. पोरीने ते गल्लीभर सांगितलं.

पण एकत्र घरात बेत एकट्याचा राहतो होय? आधी देव, म्हणून पालीचा खंडोबा आला. माधवनगरची मावशी आजारी होती, तिला भेटायला हवं होतं. बायको प्रियदर्शनीने महाबळेश्वर घातलं. थोरला भाऊ धुळा म्हणाला, माझी सासुरवाडी फलटण वाटेवरच आहे. फलटण समुद्राच्या अगदी उलट्या बाजूला, पण फौजेत शत्रूला न भिणारा जोतीराम घरात कुणाला नाही म्हणू शकत नव्हता. सहा दिवसांच्या सहलीसाठी यादीत नऊ ठिकाणं झाली. झाकणावर जागा उरली नाही. तेव्हा फलटण लिहायला त्याने घाईघाईत कोपराने वरची ओळ पुसली. मी बघत होते. माझं तोंड उघडंच होतं, पण ट्रंकेला बोलता येत नाही.

मग सामान भरायला सुरुवात झाली. सतरंज्या, चिवड्याचे डबे, पाहुण्यांचे आहेर. झाकण लागेना. प्रियदर्शनी वर बसली, जोतीरामने लाथा घातल्या, शेवटी हातोडा आणला आणि माझी कडी तोडली. झाकण उघडंच राहिलं. माझा एवढा संताप झाला होता की विचारू नका.

निघायच्या सकाळीच कारखान्याचा निरोप आला, उद्या ऊसतोडीची टोळी येणार. धुळा शेतातून कोयता घेऊन तसाच घरात शिरला आणि म्हणाला, कुणी कुठं जायचं नाही. जोतीराम म्हणाला, यादीतल्या नऊपैकी पाच नावं तुझीच. शब्दाने शब्द वाढला. जोतीरामने भावाची गचांडी धरली. धुळाने त्याला भिंतीवर आपटलं.

"थांब, तुझी यादीच तोडतो," म्हणत धुळाने कोयता उगारला. जोतीरामने झाकणावर हात आडवा घातला. पातं त्याची दोन बोटं हाडापर्यंत कापत माझ्या पत्र्यातून आरपार गेलं. खडूच्या अक्षरांवरून रक्त ओघळलं. धुळाच्या हातून कोयता गळून पडला.

म्हातारी आई बनुबाई पदर फाडून बोटं बांधू लागली. शिवांजली झाकणाशी येऊन एकेक ओळ बोटाने वाचत होती. दोनदा वाचून तिचं बोट सगळ्यात वरच्या ओळीवर, फलटणवर थांबलं. बनुबाईच्या ते ध्यानात आलं.

"पोरीचा समुंदर कुणी पुसला रं?"

"म्याच पुसला, आये," जोतीराम म्हणाला.

नऊ टाके पडले. चार दिवस दवाखान्यात गेले आणि एक बोट आजही वाकत नाही. चौथ्या दिवशी धुळाने ओल्या फडक्याने सगळी यादी पुसली आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत एकच शब्द लिहिला. टोळी आली तेव्हा ऊसतोडीचं सगळं त्याने एकट्याने बघितलं. खंडोबा कोपला नाही. फलटणचे पाहुणे दोन दिवस रुसले आणि मग विसरले. जोतीराम, प्रियदर्शनी आणि शिवांजली एकच पिशवी घेऊन एसटीने रत्नागिरीला गेले. मला नेलं नाही. राग आला, खोटं कशाला सांगू? पण पोरगी परत आली ती उन्हाने काळवंडून, खिशात वाळू घेऊन, आणि ती वाळू तिने माझ्यात ओतली.

तर मित्रांनो, सुट्टी आखताना ज्याने एकच मागितलंय त्याचं आधी लिहा, आणि ते पुसू नका. बाकीची ठिकाणं कुठं पळून जात नाहीत. मलाही जरा जपा. कडी नवी बसवा, तेलाचा हात फिरवा. फक्त झाकणावरचा तो घाव बुजवू नका. पुढच्या सुट्टीला जोतीराम खडू उचलेल, तेव्हा तो त्याला दिसला पाहिजे.