चालत्या रेकॉर्डिंगची तपासणी

काळाचा ओघ अडवण्याचं सामर्थ्य सम्राटांना लाभलं नाही, तपस्व्यांना साधलं नाही आणि विज्ञानालाही अजून जमलेलं नाही. इन्स्पेक्टरांच्या कॉम्प्युटरला मात्र ते सहज जमत होतं. थोड्या थोड्या वेळाने तो काळ अडवायचा, मग दचकून सोडून द्यायचा, आणि पडद्यावर पुलाच्या अलीकडे असलेला ट्रक एकदम पलीकडे जाऊन पडायचा.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलीस नव्हेत. त्यांची नोकरी लिफ्ट तपासण्यात गेली. लिफ्टच्या फरशीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवायचा, वरखाली जायचं आणि थेंब सांडला तर सही नाकारायची. चालत्या लिफ्टमध्ये स्वतः उभं राहिल्याशिवाय त्यांनी कधी कशावर सही केली नाही. निवृत्तीनंतर घरात धक्के देणारी एकच वस्तू उरली होती, आणि ती म्हणजे ते स्वतः, असं त्यांच्या पत्नीचं मत होतं.

पत्नीला सगळे बाई म्हणत. बाईंनी अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवलं. उरलेलं अर्धं शहर त्यामुळे फुटपाथ सोडत नसे. शिकवणी बंद झाल्यावर लेकीने त्यांना ट्रक चालवायचा गेम आणि खरंखुरं फिरणारं स्टिअरिंग पाठवलं होतं.

सोमवारी बाईंच्या घशाचं ऑपरेशन होतं. गाठ स्वरयंत्रातच होती, म्हणून स्वरयंत्रच काढणार होते. "बाकी सगळं नीट राहील," असं डॉक्टर म्हणाले. बाकी म्हणजे काय, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही. तोवर आवाज जपून वापरा, असंही ते म्हणाले.

"जपून कुणासाठी ठेवायचा?" बाईंनी बाहेर आल्यावर विचारलं. इन्स्पेक्टर रिक्षा शोधायला लागले.

कुणासाठी, ते लेकीने ठरवलं. ती दूरच्या शहरात होती, सातवा महिना चालू होता आणि प्रवास बंद होता. "आई, बाळाला तुझा आवाज हवा," ती फोनवर म्हणाली. "काहीही बोल. तुझ्या आजीबद्दल बोल, शिव्या दे, पण रेकॉर्ड कर."

बाईंसमोर मोबाइल धरला तेव्हा त्या फलाटावरच्या घोषणेसारख्या बोलल्या. "आम्ही सर्व येथे खुशाल आहोत," एवढं सांगून थांबल्या. जन्मभर त्या समोरच्या रस्त्याकडे बघत बोलल्या होत्या. हातात स्टिअरिंग नसलं की त्यांना बोलणंच सुचत नसे. मग लेकीने युक्ती काढली: आईने ट्रक चालवावा, चालवता चालवता बोलावं, आणि चित्रासकट आवाज कॉम्प्युटरने टिपावा.

युक्ती अचूक होती. पहिल्याच वळणावर बाईंची जीभ सुटली. पण नंतर लावून बघितलं, तर चित्र अडखळत होतं आणि प्रत्येक धक्क्याबरोबर आवाजातला एक घास गिळला जात होता. "माझ्या आजीने मला कधी—" एवढं ऐकू येई, ट्रक उडी मारी, आणि "—शिवाय घरात घेतलं नाही" असं पुढे येई.

"बाबा, खेळताना अडकतं की बघताना?" लेकीने विचारलं.

"खेळताना अगदी लोणी. बघताना उचकी."

"म्हणजे गेम ठीक आहे, रेकॉर्डिंगला दम पुरत नाहीये. ग्राफिक्स कार्ड सगळं गेमच ओरबाडतोय. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं ते, साठवर बांधा."

"बांधला."

"कुठे जाऊन बांधलात?"

"ते तू सांगशीलच. तोवर बांधला असं समज."

तिने सांगितलं, त्यांनी बांधला. झाडांच्या सावल्या कमी केल्या, ट्रकच्या काचेवरचं प्रतिबिंब काढून टाकलं. उचकी कमी झाली, गेली नाही. दर वेळी बाईंना तेच पुन्हा सांगावं लागे, आणि दर वेळी आवाज आधीपेक्षा खरखरीत निघे. आजीची गोष्ट चौथ्यांदा सांगताना त्या म्हणाल्या, "आता आजीच कंटाळली असेल."

शनिवारी इन्स्पेक्टर ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायला दवाखान्यात गेले. ही सही त्यांनी काहीही न तपासता केली. परत आले तर बाईंनी एकटीनेच थोडं रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. त्यात ट्रक मागे घेताना आडव्या आलेल्या एका टेम्पोवाल्याला घातलेल्या शिव्यांखेरीज काही नव्हतं, पण प्रत्येक शिवी सलग, स्वच्छ, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

"या वेळी वेगळं काय केलंत?" लेकीने विचारलं.

"काहीच नाही. मी घरी नव्हतो."

"आणि एरवी घरी काय करत असता?"

"तपासणी."

"कसली?"

"ती आत बोलत असते, तेव्हा मी स्वयंपाकघरात कॉम्प्युटरचा जुना पडदा जोडून बसतो. केबल दाराखालून घेतलीय. रेकॉर्ड होत असलेली फाइल मागोमाग चालवून बघतो, कुठे अडकतं ते."



"बाबा, कॉम्प्युटर ज्या डिस्कवर आईचं बोलणं लिहितोय, त्याच डिस्कवरून तुम्ही त्याच वेळी तेच वाचायला लावताय? वर दुसरा पडदा?"

"बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"बाबा," लेक हळू आवाजात म्हणाली, "उचकी तुम्हीच आहात."

रविवारी दुपारी त्यांनी केबल उपसली. गुंडाळता गुंडाळता त्यांनी बाईंना विचारलं, "मी आत बसू का? कोपऱ्यात. श्वाससुद्धा घेणार नाही."

"तुम्ही श्वास घेत नसलात तर माझं लक्ष रस्त्यावर कसं राहील? बाहेर बसा. मागे परीक्षक बसल्यासारखं वाटतं मला, बोलताच येत नाही."

"शेवटचं आहे गं."

"म्हणूनच."

दार लागलं. इन्स्पेक्टर स्वयंपाकघरात, सवयीने, जिथे पडदा ठेवत असत त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बसले. दाराआडून ट्रकची घरघर येत होती आणि तिच्यात मिसळलेला बाईंचा आवाज. शब्द एकही लागत नव्हता. उद्या सकाळी तो आवाज जाणार होता. तो आत्ता भिंतीपलीकडे चालू होता, आणि तो धड राहावा म्हणून त्यांनी तो ऐकायचा नव्हता. उठून दाराला कान लावायला हरकत नव्हती, कॉम्प्युटरचं त्याने काही बिघडलं नसतं. पण बाईंना दारामागची सावली दिसली असती. ते उठले नाहीत.

मध्येच बाई हसल्या. मोठ्याने, मग खोकल्या, मग पुन्हा हसल्या. कशाला, ते कळायला मार्ग नव्हता. थोड्या उशिराने इन्स्पेक्टरही हसले.

खिडकीतलं ऊन सरकत ओट्यापर्यंत आलं तेव्हा घरघर थांबली. इन्स्पेक्टर आत गेले. बाई खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या, हात अजून स्टिअरिंगवरच. त्यांनी बोटाने पडद्याकडे खूण केली: तपासा. इन्स्पेक्टरांनी वाकून बघितलं. सुटलेल्या फ्रेम, शून्य. फाइल लावून बघायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी ती लेकीला पाठवली आणि आयुष्यात दुसऱ्यांदा न तपासता पास केली.

मग ते बाईंशेजारी स्टूल ओढून बसले. आता रेकॉर्डिंग नव्हतं, परीक्षक नव्हता, रस्ता नव्हता. आता जे काय उरलं असेल ते त्यांच्याच वाट्याचं होतं. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. घसा साफ करायचा प्रयत्न केला. तो झाला नाही. पाण्याचा घोट घेतला, थांबल्या, उरलासुरला आवाज गोळा केला. इन्स्पेक्टर पुढे वाकले.

"अहो," बाई म्हणाल्या, "बाथरूमचा नळ मघापासून टपटपतोय. तेवढा घट्ट बंद करून या."