बारीक रेघ

"आली," ट्रकखालून थोरला म्हणाला.

धाकट्याने नळीच्या टोकाला लटकलेल्या थेंबावर नजर लावली आणि तो ओठांतल्या ओठांत मोजायला लागला. एक थेंब पडून दुसरा पडेपर्यंत दहा आकडे झाले, की डिझेलचा पंप जागेवर बसला म्हणायचं. आठ, नऊ, दहा. थेंब पडला. पंप तसूभरही हलवायची गरज नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी त्याने जिथे आवळला होता, तिथेच तो बरोबर होता.

आणि तरी ट्रक पांढरा धूर ओकत परत आला होता.

"काय म्हणतोय थेंब?" खालून आवाज आला.

"बरोबर म्हणतोय."

"मग झालं तर."

ड्रायव्हर जुन्या टायरावर बसून चपलेतला खडा काढत होता. "थेंब बरोबर, रेघ बरोबर, तुम्ही दोघंही बरोबर. मग चढावर सायकलवाला मला टाटा करून पुढे कसा गेला, मिस्त्री?"

एरवी थोरल्याने यावर काहीतरी फेकलं असतं. आज खालून फक्त दांडा जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. या महिन्यातली ही परत आलेली तिसरी गाडी. आधीचे दोघे ड्रायव्हर तर भांडलेही नाहीत. मुकाट्याने पुलापलीकडच्या गॅरेजात गेले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

काम दोघांचं होतं. थोरला खाली पाठीवर पडून दांड्याने इंजिन फिरवायचा आणि झरोक्यातून फ्लायव्हीलवरची, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकावरची, रेघ बघायचा. रेघ झरोक्याच्या काठावरच्या खुणेसमोर आली की म्हणायचा, "आली." धाकटा वर वाकून थेंब बघायचा. खालच्याला थेंब दिसत नाही, वरच्याला रेघ दिसत नाही. तीस वर्षं धाकट्याने त्या एका शब्दावर पाना आवळला होता.

त्याने चिंध्यांना हात पुसले, बराच वेळ पुसले. सकाळी त्याने चौदाचा पाना मागितला, तेव्हा थोरल्याने पान्यावरचा आकडा अंगठ्याने चाचपला होता. मागे वहिनी दारात उभी राहून म्हणाली होती, "भाऊजी, यांना घरी बसा म्हणू नका हं. घरी असले की नुसते हात चोळत बसतात." त्याला वाटलं होतं, ती वयाबद्दल बोलतेय.

"दादा, वर ये जरा," तो म्हणाला. "वाकून वाकून कंबर धरली माझी. थोडा आडवा होतो खाली."

"पन्नाशीत कंबर! आमच्या वेळी..."

"तुझी वेळ अजून संपली नाहीये. ये."

थोरला सरपटत बाहेर आला. बंपरला धरून उठला, तसाच हाताने चाचपत इंजिनपाशी गेला.

"थेंब मला नाही जमायचा, छोट्या. उजेड कमी आहे."

इंजिनवर दुपारचं लख्ख ऊन पडलं होतं.

"बघू नकोस. नळीखाली बोट धर. पडला की कळेल."

थोरल्याने मान वळवली. धाकट्याकडे नाही, त्याच्या आवाजाकडे. मग तर्जनी नळीखाली नेली.

धाकटा गोणपाटावर पडला. गोणपाट अजून गरम होतं. त्याने झरोक्यात बॅटरी मारली. चाकावर दोन रेघा असतात. एक खोल, पिस्टन अगदी वर पोचल्याची. तिच्या थोडी आधी दुसरी, बारीक. डिझेल सुटायचं ते तिथे; उशिरा सुटलं की पांढरा धूर. रेघ आधी रॉकेलने पुसायची, तिच्यात खडू भरायचा आणि मगच दांडा हातात घ्यायचा, हे थोरल्यानेच त्याला कानाला धरून शिकवलं होतं.

कुठेही खडू नव्हता. बारीक रेघेत काळं चिकट किटण गच्च भरलं होतं. खुणेसमोर खोल रेघ होती, स्वच्छ, आणि तिच्या काठावरच्या मळात नखाचे ओरखडे होते. एकावर एक, बरेच.

धाकट्याने बॅटरी विझवली. मग अंधारातच त्याने नख त्या मळावरून फिरवून बघितलं. बारीक रेघ नखाला लागलीच नाही. खोल रेघेत ते बरोबर अडकलं.

"झोपलास काय रे?" वरून थोरला म्हणाला.

"रेघ पुसतोय."

वर पत्र्यावर हात टेकल्याचा आवाज आला.

त्याने रॉकेलचा बोळा फिरवला, खडू भरला, इंजिन मागे घेऊन पुन्हा हळूहळू पुढे आणलं. "आली."

"धार चालू आहे," थोरला म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "बोटावर धारच आहे, छोट्या."

"मग सरकव पंप. तुझ्या हाताने."

पंप सरकल्याचा आवाज आला. मग मोजणं ऐकू आलं, मोठ्याने, पाढे म्हणणाऱ्या पोरासारखं. सहावर थेंब पडला. पुन्हा थोडं सरकवणं. आठवर पडला. आणि मग सात, आठ, नऊ, दहा.

"पडला! आवळतो."

नळ्या परत बसवल्या, हवा काढली. ड्रायव्हरने चावी फिरवली. पहिल्या झटक्याला इंजिन लागलं, पांढरा लोट उठला, विरला आणि मागून काही आलं नाही. आवाज भरदार, एकसारखा. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "मग इतके दिवस चूक कुणाची होती?"

"माझी," धाकटा म्हणाला. "थेंब नीट बघितला नाही."

"चष्मा घ्या हो, मिस्त्री!"

ट्रक रस्त्याला लागला. थोरला बोट पुसत होता. पुसून झालेलं बोट पुन्हा पुसत होता.

"त्या दोन गाड्यांनाही निरोप दे," तो म्हणाला. "बोलावून घे."

"देतो."

"उद्या कंबर कशी असेल तुझी?"

धाकट्याने गोणपाट उचललं, झटकलं आणि घडी करून आपल्या पेटीवर ठेवलं.

"दुखेल असं वाटतंय."

"दुखू दे," थोरला म्हणाला आणि त्याने चिंधी धाकट्याच्या दिशेने फेकली. ती दोन हात बाजूला पडली.