कांदा न खाल्लेला माणूस

रामचंद्र आचार्यांची नोकरी अखेर कायम झाली, पेढेही वाटले. यातलं काहीच झालं नाही, तेव्हा आपण चाचणीपासून सुरुवात करू.

हुबळीच्या विद्यानगरातल्या एका मानसशास्त्र केंद्रात रामचंद्र वर्षानुवर्षं हंगामी कारकून. भरतीच्या चाचण्या तपासायच्या. उमेदवार वाक्यं न वाचताच 'सहमत, सहमत' अशा खुणा करत सुटत. त्यांना पकडायला केंद्रप्रमुख मालती मॅडम मध्येच एखादं अशक्य वाक्य पेरत. जो त्यालाही 'सहमत' म्हणेल, त्याच्या कागदावर रामचंद्रनं 'निष्काळजी' असा शिक्का मारायचा आणि कागद बाद. शिक्के मारून मारून त्याचा खांदा उतरला होता.

यंदा त्याचीच जागा कायम व्हायची होती, म्हणून तोही चाचणीला बसला. यंदाचं अशक्य वाक्य होतं: 'मी आयुष्यात कधीही कांदा खाल्लेला नाही.'

रामचंद्रनं ते दोनदा वाचलं आणि खूण केली. सहमत.

तपासायलाही तोच. आपला कागद घेऊन तो मॅडमकडे गेला.

"मॅडम, मी खरंच खाल्लेला नाही. आमचं आचार्यांचं घर, चालत नाही."

"हुबळीत राहून? गाड्यावरचं गिरमिट, कांदा घातलेले चुरमुरे, तेही नाही?"

"बिनकांद्याचं सांगतो. गिरमिटवाला हसतो, पण देतो."

"मग 'असहमत' लिहायचं होतं. सगळे लिहितात."

"ते खोटं झालं असतं."

"पण काळजीपूर्वक झालं असतं." मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "एकाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल, रामचंद्र. नियम तुम्हीच सांगता की लोकांना."

त्यानं जागेवर येऊन शिक्का मारला. नेमका आजच तो सरळ उमटला.

"एक भजं खाऊन टाका की," बायको, अंबूताई, रात्री म्हणाली. "पुढच्या वेळी उत्तर बरोबर येईल. तुमच्या आईंना मी सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी तो भजीवाल्या भीमसेनच्या गाड्यापाशी जाऊन उभा राहिला. कढईत कांदाभजी फुलत होती.

"काय आचार्य, वाट चुकला?"

"नाही रे अण्णा. बघायला आलो."

बघून झाल्यावर तो ऑफिसात गेला, कोरा कागद घेतला आणि लिहिलं:

'सबब, नोकरी न दिली तरी चालेल. परंतु सदर उत्तर अर्जदाराने वाक्य नीट वाचून, विचारपूर्वक दिले होते, अशी दप्तरी नोंद व्हावी, ही नम्र विनंती.'

मग आवक-जावकचा शिक्का मारून त्यानं तो अर्ज स्वतःच्याच टेबलावर, तुंबलेल्या अर्जांच्या तळाशी, रीतसर ठेवला.