लतीफचाचांचं मलम

त्या दुष्काळातल्या फेब्रुवारीत, अंबाजोगाईच्या मैदानावर, माझ्या धाकट्या बहिणीला, मंदाला, जिल्हा कबड्डी संघाच्या निवड चाचणीत उतरू दिलं नाही. कारण उजव्या गुडघ्यावर उठलेले फोड. वयोगटातलं तिचं ते शेवटचं वर्ष होतं.

तिच्या दुखऱ्या गुडघ्यासाठी मलम लतीफचाचांनी केलं होतं. चौसाळ्यात त्यांच्या ओसरीवर सकाळची उन्हं तिरपी उतरत आणि चिनी मातीच्या खलात बत्ता फिरू लागे. घाई नसलेला, गोल, एकाच लयीत घासत जाणारा आवाज. कापूर, पुदिन्याचं फूल, म्हणजे मेंथॉल, आणि मेण यांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येई. उभी हयात ते सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. ऊस वाळला, गाळप थांबलं, दवाखान्याला कुलूप लागलं. खल तेवढा त्यांनी घरी आणला.

तालमीतले मल्ल, कबड्डीच्या पोरी, पोलीस भरतीसाठी पळणारे, सगळे त्यांच्याकडे येत आणि प्रत्येकाचं मलम वेगळं असे. डोळे मिटून ते अंगठ्यानं दुखरी जागा चाचपत, जणू अंधारात ओळखीचं दार शोधताहेत. मग वजन विचारत, झोप विचारत, उन्हात कातडी लाल होते का ते विचारत, आणि सगळं वहीत लिहीत. डबीवर औषधाचं नाव नसे, माणसाचं असे. शेजारच्या पैलवानाची डबी मंदाला चालेल का, असं मी एकदा विचारलं.

"लाव की," चाचा म्हणाले. "गुडघ्याला मिशा फुटल्या तर माझ्याकडं आणू नको बे."

मंदाला त्यांनी एकच गोष्ट बजावली होती: दुसरा लेप लावायच्या आधी पहिला कोमट पाण्यानं धुवायचा.

आई-बाप ऊसतोडीला लांबच्या कारखान्यावर गेले होते. घरचं पाणी माझ्या हाती होतं. टँकर आठवड्यानं येई. मंदानं तांब्या पुढं केला तेव्हा मी रांजणावरचं झाकण काढलं नाही. "पुसून घे," म्हणालो. तिनं फडक्यानं पुसलं. लेपावर लेप चढत गेला. आग होत होती, पण चाचणी तोंडावर आली होती. औषध लागू पडतंय, असं तिला वाटलं. तिनं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

अंबाजोगाईहून परतल्यावर तिला घेऊन मी ओसरीवर गेलो. चाचांनी पट्टी सोडली.

"काहून गं, धुतलं न्हाईस?"

"पाणी कुठलं, चाचा? प्यायला पुरत न्हाई." तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"मीच म्हणलो, पुसून घे," मी सांगितलं.

चाचांनी पट्टी बाजूला ठेवली. कारखान्याच्या दवाखान्यात बॉयलरचं कोमट पाणी नळाला दिवसभर असायचं. धुवायला पाणी आहे का, हे त्यांना कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

"लई विचारलं पोरीला," ते म्हणाले. "तेवढंच राह्यलं."

त्यांनी खल पुढं ओढला. खोबरेल आणि मेण, बाकी काही नाही. बत्त्याचा आवाज त्या दिवशी मधेमधे थांबत होता. डबी भरून झाल्यावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली: मंदा, चौसाळा, धुवायचं नाही.

त्या वर्षीचा जिल्हा संघ तिच्याशिवाय गेला. फोड बरे झाले; गुडघ्यावर कातडीचा एक फिका तुकडा राहिला, तो उन्हात अजून चमकतो. पुढं ती खेळली, पण गावच्या मैदानावर.

चाचा आता नाहीत. खल आणि वही त्यांच्या मुलीकडे आहे. मंदाच्या पानापर्यंत वहीत चार रकाने आहेत: नाव, वजन, झोप, कातडी. त्यानंतरच्या प्रत्येक पानावर नावाच्याही आधी हातानं आखलेला पाचवा रकाना आहे. त्याच्या डोक्यावर लिहिलं आहे: पाणी.